बेबाकीवर सही

मानवतच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये मी अकरा वर्षं बिलं केली. घर जवळ होतं, पायी जायचे. मग सासूबाईंना सारखं परभणीच्या दवाखान्यात न्यावं लागायला लागलं, नवऱ्याचीही बदली तिकडेच झाली आणि आम्ही बिऱ्हाड हलवलं. परभणीत मला एका बियाणांच्या दुकानात काम मिळत होतं, म्हणून मी राजीनामा दिला. ठरल्याप्रमाणे महिनाभर आधी दिला. माझ्या जागी आलेल्या पोरीला सगळं काम शिकवलं. शेवटच्या दिवशी शेठनी माझी ओटी भरायला त्यांच्या आईला घरून बोलावून घेतलं. आम्ही सगळे त्यांना माँजी म्हणायचो. शेवटचा पगार, शिल्लक रजेचे पैसे आणि ग्रॅच्युइटी, सगळा हिशोब आठ दिवसांत करून टाकू, असं शेठ चार माणसांत म्हणाले. मला ते खरंच वाटलं.

महिना गेला तेव्हा मी फोन केला. शेठ म्हणाले, या की रविवारी. सीझनमध्ये जिनिंग रविवारीही चालू असते आणि मला सुट्टी रविवारचीच. सकाळचा स्वयंपाक उरकून मी एसटीने मानवतला गेले. ऑफिसबाहेरच्या बाकावर बसले. त्या बाकावर पूर्वी मी शेतकऱ्यांना बसवायचे. माझ्या जागी आलेल्या पोरीने पाणी आणून दिलं, चहा सांगितला. शेठ बाहेर आले, सासूबाईंची तब्येत विचारली, नवीन जागा कशी आहे ते विचारलं आणि म्हणाले की गाठींचं पेमेंट अडकलंय, पुढच्या रविवारी बघू.

पुढचे कितीतरी रविवार असेच गेले. कधी भाव पडलेला, कधी मुनीम गावाला गेलेले, कधी बँकेचं काहीतरी. शेठ एकदाही नाही म्हणाले नाहीत. म्हणाले असते तर बरं झालं असतं, असं परतीच्या गाडीत वाटायचं. दरवेळी चहा मात्र मिळायचा. पुढे पुढे त्या पोरीला माझ्याकडे बघणंच जड जायला लागलं. शेठची गाडी दारात उभी असायची आणि तिला सांगावं लागायचं की शेठ नाहीत. मी तिला कधी काही बोलले नाही. तिलाही नोकरी करायची होती.

एका रविवारी मुनीमजींनी टाईप केलेला कागद पुढे ठेवला. माझा सगळा हिशोब मला मिळाला, आता काही येणं बाकी नाही, अशी बेबाकी त्यात लिहिलेली होती. मी विचारलं, पैसे कुठं आहेत? ते म्हणाले, आधी सही लागते, मग पैसे निघतात. मी म्हणाले, पैसे आल्याबरोबर सही करते. त्यांनी कागद परत ड्रॉवरमध्ये टाकला. मला राग यायला हवा होता. पण साडेबाराची गाडी सुटेल का, एवढंच तेव्हा डोक्यात आलं.

नवरा म्हणाला, सोडून दे, किती चकरा मारशील. तो मनापासूनच म्हणत होता. मीही दोन-तीन आठवडे सोडून दिलं. पण भांडी घासताना, दुकानात बिल करताना तेच मनात यायचं. सोडूनही ते सुटत नव्हतं. शेवटी अर्धा दिवस रजा टाकून मी परभणीच्या कामगार कचेरीत गेले आणि अर्ज दिला.

कचेरीची नोटीस पोचली त्या संध्याकाळी शेठचा फोन आला. इतक्या महिन्यांत त्यांनी आपणहून केलेला तो पहिला फोन.

"ताई, तुमी घरचं माणूस. कचेरीत जायची काय गरज होती?"

मी म्हणाले, "लय दिवस बाकावर बसले, शेठ."

त्यांनी फोन ठेवून दिला.

मग तारखा सुरू झाल्या. एका तारखेला त्यांचा वकील आलाच नाही, दुसरीला आला तो मुदत मागायला. प्रत्येक तारखेला मला दुकानातून रजा मागावी लागायची आणि मालकाच्या तोंडाकडे बघवायचं नाही.

त्याच दरम्यान माँजी गेल्या. त्या पोरीने फोन करून कळवलं. जावं की न जावं, मला ठरवता येईना. पण माझ्या बाळंतपणात त्यांनी डिंकाचे लाडू पाठवले होते, आणि त्यांचा नि माझा काही हिशोब नव्हता. मी गेले. दारात मांडव होता, पुरुषमंडळी सतरंजीवर बसलेली. मला फाटकातून येताना पाहून शेठ उठले, पुढे आले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "ताई, आज तरी पैशाचं काढू नका."

मी नुसते हात जोडले आणि आत बायकांत जाऊन बसले. माँजींची आठवण निघाली तसं रडू आलं, त्यातलं किती त्यांच्यासाठी आणि किती माझ्यासाठी, ते सांगता येणार नाही.

पुढच्या तारखेला वकिलाच्या जागी शेठ स्वतः आले. डोकं भादरलेलं, चेहरा उतरलेला. पगार आणि ग्रॅच्युइटी कबूल केली, रजेचे पैसे मात्र आमच्याकडे देत नाहीत म्हणाले. कचेरीतल्या साहेबांनी मला विचारलं, रजेसाठी पुढे चालवायचं का. मी नको म्हणाले. ते पैसे माझेच होते, पण त्यांच्यासाठी आणखी तारखा काढायची ताकद माझ्यात उरली नव्हती. शेठनी चेक दिला. पगार आणि ग्रॅच्युइटी मिळाली, एवढंच लिहून मी सही केली.

बाहेर व्हरांड्यात ते थांबले होते. मला वाटलं त्या दिवशी मांडवात बोलले त्याचं काही बोलतील.

"माँजीच्या तेराव्याला तुमी आल्या न्हाईत," ते म्हणाले.

"बोलावणं न्हवतं."

"घरच्या माणसाला बोलवावं लागतंय व्हय?"

ते खोटं बोलत नव्हते. त्यांना खरंच वाईट वाटलं होतं. मला बाकावर बसवणारे हेच आणि असं विचारणारेही हेच. येते म्हणाले आणि जिना उतरले.

चेक जमा झाल्याचा मेसेज दुकानात असताना आला. वाचला आणि समोरच्या गिऱ्हाइकाचं बिल केलं. रात्री नवऱ्याला सांगितलं. तो खूश झाला, रविवारी पोरांना घेऊन येलदरीचं धरण बघून येऊ म्हणाला. मी म्हणाले, तुम्ही जाऊन या, मला कुठल्याच गाडीत बसायचं नाही.