गोल ओरखडे

सीडी प्लेअर आज पुन्हा त्याच गाण्यावर अडखळला. आतलं भिंग पुसलं, दुसऱ्या सीड्या लावल्या. त्या नीट वाजल्या. दोष बाबांच्या आवडत्या सीडीतच होता. खिडकीपाशी तिरकी धरली, तर तिच्यावर बारीक, गोल ओरखडे दिसले.

सीडी मध्यापासून कडेकडे सरळ पुसायची असते. बाबा मात्र चष्म्यासारखी ती बनियनच्या टोकाने गोल गोल पुसायचे आणि म्हणायचे, "थांब, आत्ता वाजेल."

दुकानात ओरखडे घासून काढून देतात म्हणे. पण फोटोंत बाबांचा फक्त चेहरा आहे. त्यांचा हात कसा फिरायचा, ते एवढ्या सीडीवरच उरलंय.

मी ती तशीच लावली. गाणं अडलं, आणि मी सवयीने त्यांच्या खुर्चीकडे पाहिलं.