मला न दिसलेला चेहरा

माझा नवरा चाकणच्या एका कंपनीत फिटर आहे. कंपनीकडून दरवर्षी सेफ्टी शूज मिळतात. लग्नाच्या वर्षी त्याचा नंबर आठ होता, पुढच्या सात-आठ वर्षांत तो दहावर गेला. स्टोअरमधले लोक थट्टा करायचे, तोही हसायचा. अंगठी बोटात रुतली तेव्हा आम्ही ती सोनाराकडून कापून घेतली. वजन वाढलंय म्हणून मी त्याची एक पोळी कमी केली. घोरणं वाढलं, तर शिफ्टचा थकवा म्हटलं.

मग माझी नणंद लातूरहून आमच्याकडे रहाटणीला आली. भावाला ती चार वर्षांनी भेटत होती. दार त्यानंच उघडलं, तर ती उंबऱ्यातच थबकली. जेवणं झाल्यावर स्वयंपाकघरात येऊन हळूच म्हणाली, "वहिनी, दादाचं तोंड बदललंय. तुम्हाला दिसत नाही का?"

मी लग्नाचा फोटो काढून पाहिला. जबडा, नाक, कपाळ, सगळंच रुंद झालं होतं. रोज माझ्यासमोर बसून जेवणारा माणूस.

रक्ताच्या तपासण्या आणि एमआरआय झाल्यावर डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावलं. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पीयूषिका ग्रंथी असते. थायरॉईडसारख्या इतर ग्रंथींना कामाला लावते तीच, आणि वाढीचं संप्रेरकही तिच्यातूनच रक्तात उतरतं. तिच्यावर गाठ आली होती. कॅन्सरची नव्हती, पण ते संप्रेरक अखंड पाझरत होतं. लहान वयात असं झालं तर मूल उंच होत जातं. मोठेपणी उंची वाढत नाही, मग हात, पाय, जबडा जाड होत जातात.

मी विचारलं, आधी आलो असतो तर? ते म्हणाले, "हे फार हळू होतं. रोज पाहणाऱ्यांना कळत नाही." धीर द्यायलाच बोलले, पण मला ते अजून टोचतं.

नाकातून शस्त्रक्रिया करून गाठ काढली. बोटांची सूज उतरली, घोरणं थांबलं. हाडं मात्र पूर्ववत होत नाहीत. पीयूषिकाही दुबळी झाली. मूत्रपिंडांवरच्या ग्रंथींना तिचा निरोप पुरेसा पोचत नाही, शरीराला लागणारं स्टेरॉइड त्या कमी बनवतात, म्हणून रोज सकाळी त्याची गोळी, ताप आला की दुप्पट.

परवा दाढी करताना त्यानं विचारलं, "आता कसा दिसतो मी?"

"पहिल्यासारखाच," मी म्हणाले.

"पहिल्यासारखा म्हणजे कसा?"

मी लग्नाचा फोटो आठवून पाहिला. त्यानं नळ सोडला आणि तोंड धुतलं.