वेळेचा रकाना

विद्यापीठाच्या रुग्णालयात तिसऱ्या मजल्यावर नव्या औषधांच्या चाचण्या चालत. तिथल्या नर्सबाईंना सगळे घड्याळबाई म्हणत. तोंडावर सिस्टर, पाठीमागे घड्याळबाई. बाईंना ते ठाऊक होतं आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं. बावीस वर्षं त्यांचं काम एकच. रुग्णाला औषध चढवायचं, ठरलेल्या मिनिटाला रक्त काढायचं आणि किती वाजता काढलं ते कागदावर लिहायचं. ऐकायला सोपं, पण पुढचं सगळं गणित त्या मिनिटावर उभं असतं.

त्यांच्या कागदांची कीर्ती तर विचारूच नका. मोत्यासारखं अक्षर आणि एक म्हणून खाडाखोड नाही. चूक झाली तर तिच्यावर एकच आडवी रेघ मारायची, खालचा आकडा वाचता आला पाहिजे, शेजारी सही आणि तारीख, असा विभागाचा नियम होता. बाईंवर ती रेघ मारायची पाळी कधी आलीच नव्हती. नव्या नर्सेसना शिकवताना मोठे डॉक्टर त्यांचंच पान पुढे धरत. घरीही तोच तोरा. त्यांचा नवरा, रिटायर्ड बसड्रायव्हर, म्हणायचा, "माझी बस उशिरा आली की लोक मला बोलायचे. हिच्या कुकरची शिट्टी उशिरा झाली की ही कुकरला बोलते."

या बिनखाडाखोडीच्या पानांमागची गोम आता सांगायलाच हवी. बाई सकाळी आल्या आल्या वेळेचा रकाना आधीच भरून ठेवत. दहा, साडेदहा, अकरा, बारा. मग दिवसभर त्या आकड्यांना गाठायला धावायचं. धावत्याही. मिनिट इकडचं तिकडे होऊ देत नसत. त्यामुळे यात काही वावगं आहे असं त्यांच्या कधी मनातही आलं नाही.

आलं ते तीन आठवड्यांपूर्वी. त्या दिवशी खाटेवर एक म्हातारे मास्तर होते. औषध दहाला संपलं, रक्त साडेदहाला काढायचं होतं. मास्तर बाथरूमला गेले, आतून कडी लावली आणि चक्कर येऊन खाली बसले. कडी काढायला लावून त्यांना बाहेर आणेपर्यंत, गार पडलेल्या हातात शीर सापडेपर्यंत दहा पन्नास झाले. कागदावर मात्र साडेदहा, बाईंच्याच हातचे, सुबक. बाईंनी पेन उचललं. पानाकडे पाहिलं. वीस मिनिटांनी काय आभाळ कोसळणार आहे, असं म्हणून पेन खाली ठेवलं आणि पान उलटलं.

आणि आज, सव्वानऊला, त्याच खाटेवर एक शिवणकाम करणारी बाई येऊन बसली होती. दुप्पट डोस घेणारी ही पहिलीच. मोठे डॉक्टर खुशीत आले.

"सिस्टर, मास्तरांनी वाचवलं आपल्याला. त्यांच्या आधीच्या दोन रुग्णांचे रक्तातले आकडे जरा जास्तच होते. मास्तरांचा एकदम खाली आला, म्हणून तर सुरक्षा समितीनं डोस दुप्पट करायला हो म्हटलं."

हे औषध रक्तातून भराभर उतरतं, वीस मिनिटांत निम्म्यावर येतं, हे बाईंना पाठ होतं. मास्तरांचा आकडा खाली आला नव्हता. तो उशिरा घेतला होता. आणि हे औषध जास्त झालं की हृदयाचे ठोके अडखळतात, हेही त्यांना पाठ होतं.

"हात द्या," त्या म्हणाल्या. शीर पहिल्याच झटक्यात सापडली. इतकी वर्षं सुई टोचणारे हात, त्यांना मनातलं काय कळणार?

"सिस्टर, दुप्पट म्हणजे दुप्पट लवकर बरं वाटेल का हो?" शिवणवाल्या बाईंनी विचारलं. त्यांच्या बोटांची टोकं सुयांनी खरबरीत झाली होती. "मशीन बंद पडलंय महिनाभर. सून म्हणते, आई, आता कशाला शिवता? पण मला बसवत नाही ना."

"बघू हं," बाई म्हणाल्या.

मनात हिशेब सुरू झाला. छातीला तारा लावल्यात, पडद्यावर ठोके दिसताहेत. डॉक्टर शेजारी आहेत. काही झालं तर लगेच बंद करू. कदाचित काहीच होणार नाही. निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत. नऊ पन्नासला औषधाची पिशवी आली. दोघांनी मिळून लेबल मोठ्यानं वाचायचं असतं, ते वाचलं. बाईंचा आवाज नेहमीसारखा खणखणीत होता. त्याचीच त्यांना किळस आली. पिशवी अडकवली, नळी जोडली, नळीवरच्या चाकावर अंगठा ठेवला.

"चला सिस्टर, दहा वाजले."

अंगठा हलेना.

"सिस्टर?"

"नाही देता येणार," बाई म्हणाल्या. "मास्तरांचं रक्त साडेदहाला काढलेलं नाही. दहा पन्नासला काढलंय."

डॉक्टरांनी आधी पिशवी स्वतःच्या हातानं खाली उतरवली. मग हळू आवाजात विचारलं, "आणि लिहिलं साडेदहा?"

"लिहिलेलंच होतं. सकाळीच. मी बदललं नाही."

"असं किती वेळा झालंय?"

"वेळ चुकली ती एकदाच. पण रकाना मी रोजच आधी भरते."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून."

डॉक्टर स्टुलावर बसले. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. "मग तुमच्या कुठल्या पानावर विश्वास ठेवू मी, सिस्टर?" ते म्हणाले आणि उत्तराची वाट न बघता फोन करायला बाहेर गेले.

बाईंनी सुई काढली आणि त्या जागी कापूस दाबून धरला. शिवणवाल्या बाई रडत होत्या. आपल्याला कोणी वाचवलं वगैरे काही त्यांना वाटत नव्हतं. त्यांना एवढंच कळलं होतं की आज औषध मिळणार नाही.

"इतके दिवस गप्प बसलात," त्या म्हणाल्या. "मी आशेवर बसले होते हो. तेव्हाच का नाही बोललात?"

"भीती वाटली."

"आणि आता नाही वाटत?"

"आता जास्त वाटतेय."

शिवणवाल्या बाईंनी हात काढून घेतला, कापूस स्वतःच दाबून धरला.

घड्याळबाईंनी मास्तरांचं पान काढलं. साडेदहावर एक आडवी रेघ मारली, खालचा आकडा वाचता येईल अशी. शेजारी दहा पन्नास, सही, तारीख. मग आजचं पान उघडलं. त्यावरही सकाळचा रकाना भरलेला होता, वरपासून खालपर्यंत, मोत्यासारखा. प्रत्येक आकड्यावर त्यांनी रेघ मारली, प्रत्येकीपुढे सही केली. शेवटी उरली ही दुरुस्ती केल्याची वेळ. त्या भिंतीकडे वळल्या, घड्याळात पाहिलं आणि मग लिहिलं, दहा वाजून सात मिनिटं. अक्षर वेडंवाकडं आलं.