सख्ख्या मावशीचा सत्कार

दीपा,

मी टेंपोत आणि तू काकीच्या कडेवर. पालेगाव सोडतानाचं एवढंच मला स्वच्छ आठवतं. टेंपोत गाद्या, स्टोव्ह, पत्र्याची पेटी, आई-बाबा आणि रडून रडून उचकी लागलेली मी. तू पाच वर्षांची घोडी, तरी कडेवर, आणि हातात काकडी! बाबांना शहाडच्या कारखान्यात नोकरी लागली होती. उल्हासनगरला मिळालेल्या खोलीत चौघं मावणार नव्हती, तुला दमा होता आणि काका-काकीला मूल नव्हतं. "दिवाळी झाली की हिला नेऊ," बाबा म्हणाले. सगळी आळी तुझ्याकडे बघून हळहळत होती, बिचारी पोर मागे राहिली म्हणून. मला मात्र तेव्हाच वाटलं, बिचारी कसली? हिची तर मज्जा आहे.

ती दिवाळी कधी आलीच नाही. मी उल्हासनगरच्या जुन्या निर्वासित कॅम्पातल्या बराकीत वाढले. आई घरी जीन्सचे गठ्ठे आणून धागे कापायची आणि मी शाळेतून आले की माझ्याही हातात कटर. सगळीकडे निळा भुगा, भाताला पण निळी झाक. शेजारच्या सिंधी दादी "हेडांह अच", इकडे ये, म्हणून हाक मारायच्या आणि हातावर गरम कोकी, त्यांची कांदा घातलेली जाड पोळी, ठेवायच्या. चांगल्या होत्या बिचाऱ्या. पण जरा कुठे मैत्रिणी जमल्या की मालकाला खोली हवी असायची, की आमचं बिऱ्हाड पुन्हा टेंपोत. या कॅम्पातून त्या कॅम्पात, मग अंबरनाथला, तिथेही दोन घरं. प्रत्येक खोलीत मी भिंतीला खिळा ठोकायची आणि त्यावर काही टांगायच्या आत आम्ही निघालेलो असायचो.

आणि तू? तुझं एकच घर, एकच आंबा, एकच शाळा. सुट्टीत आम्ही यायचो तेव्हा तू बांधावरच्या बिळात हात घालून खेकडे काढायचीस आणि मी लांब उभी राहून किंचाळायची. पोरं मला "सिंधीण आली, सिंधीण आली" म्हणून चिडवायची, कारण माझ्या तोंडात अर्धं हिंदी. कॅम्पात मी गाववाली आणि गावात सिंधीण. तू फिदीफिदी हसायचीस. तेव्हा तुझी वेणी उपटावीशी वाटायची.

त्यात आई. तू चार दिवस आमच्या खोलीवर आलीस की दिवसभर तुझे केस विंचरत बसायची, तुला मांडीवर घ्यायची. जेवताना सुरमईची मोठी तुकडी तुझ्या ताटात, शेपटीकडची माझ्या. मी तोंड फुगवलं की म्हणायची, "ती कुठे रोज असते आपल्याकडे?" हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की आई गेल्यावर पहिल्यांदा तेच कानात आलं. घर पण तुझं आणि आई पण तुझीच, असा माझा हिशेब होता. पुढे माझं लग्न झालं, बदलापूरला फ्लॅट घेतला, आणि तुझ्यासाठी काकाने घरजावई आणला. सासरी जायचंसुद्धा तुला माफ! मी महिनाभर जळत होते. नवरा म्हणायचा, "अगं, बहीण आहे ती तुझी." म्हणूनच तर! परक्या बाईवर कोण एवढं जळतं?

आता तुझ्या मुलाच्या हळदीचं. मी मुद्दाम सकाळीच आले. म्हटलं, सख्खी मावशी आहे, कामाला हात लावू. दारातच कुणीतरी पोरगी पाण्याची बाटली घेऊन पुढे आली, "बसा ना मावशी." काकी म्हणाली, "बस गो बाय, खुर्चीव बस, दमली असशील." दमायला काय झालंय, बदलापूरहून रिक्षाने आले होते! भावकीतल्या सगळ्या बायका मागच्या अंगणात चुलीवर वडे तळत होत्या, हसत होत्या, आणि मी मांडवात पंख्यासमोर, खुर्चीवर.

संध्याकाळी तर कहर झाला. डीजे थांबला आणि माइकवरचा पोरगा ओरडला, "बदलापूरवरून खास आपल्या विनंतीला मान देऊन आलेल्या, नवरदेवाच्या मावशी! यांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार!" विनंतीला मान देऊन! मी ज्या घरात जन्मले त्या घराच्या दारात! आपल्याकडे हळदीला सत्कार कुणाचा होतो? नगरसेवकाचा, बिल्डरचा, लांबच्या पाहुण्यांचा. भावकीतल्या माणसाला कधी कोण शाल घालतं? आणि घातली कुणी, तर तू. फोटोसाठी हसत.

तुझ्यामागून मी तरातरा मागच्या अंगणात आले आणि सगळ्यांदेखत ती शाल तुझ्या अंगावर फेकली. "सगळं तुला मिळालं. घर, आंबा, आई. आता मला पाहुणी पण केलंस?" काकीचा झारा हातातच राहिला.

तू शाल उचललीस, झटकलीस, घडी घातलीस. ओरडली असतीस तर बरं झालं असतं. तू आपल्या रोजच्या आवाजात म्हणालीस, "ताई, आई तुला ओरडायची?"

मी म्हटलं, "रोज. मेले, अभ्यास कर. मेले, दूध उतू गेलं. एकदा तर लाटणं फेकून मारलं."

"मना कदी एक शब्द बोलली नाय ती. ग्लास फोरला तरी नाय. मासल्याची मोठी तुकरी मना, मांडी मना. पाहुन्याला कोन ओरडतं गो? आईच्या घरान मी जन्मभर पाहुनी."

मग काकीच करवादली, "वडे जलतान ना गो! भांडाचं तं बाजूला जाऊन भांडा." आपण दोघी बाजूला गेलो, पण भांडलो नाही. तू पीठ पुढे सरकवलंस आणि मी थापायला बसले. माझा एकही वडा फुगला नाही, तुझे सगळे टम्म. त्यावरूनही मला राग आला, खोटं कशाला बोलू?

घरी येऊन आठवडा झाला. माझं जळणं संपलं असं समजू नकोस, एवढ्या वर्षांची सवय आहे. पालेगावात आता टॉवर उठलेत, तुझं घर तरी किती दिवस राहील कोण जाणे. पण मला आता त्या भिंतींचं एवढं वाटत नाही. जिच्यावर मी जन्मभर जळले ती जिथे असेल ते माझं घर, मग ते कितव्या मजल्यावर का असेना.

रविवारी येते. परवा फोनवर खोकत होतीस आणि औषध घेतलं नाहीस म्हणे. मेले, अक्कल आहे का तुला?