घरच्या माणसांसाठी तीन दाबा

मंठ्यात आमचं मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे. जळालेली पाणबुडी मोटार आणून टाकायची, आम्ही तिच्यात नवी तांब्याची तार भरायची आणि मालकाने ती परत विहिरीत सोडायची, एवढाच आमचा आणि गावोगावच्या लोकांचा संबंध, असं मला वाटायचं. अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, तसं कधीच वाटलं नाही.

डोळ्यांच्या ऑपरेशननंतर अण्णांना बारीक तार दिसेना. वायंडिंग माझ्याकडे आणि मिस्त्रीकडे आलं, अण्णांकडे उरला फोन. फोन सोडला तर दुकानात त्यांना दुसरं कामच नव्हतं, आणि ते काम ते असं जीव ओतून करायचे की दुकान बुडायची वेळ आली. कुणी विचारावं, "मोटार झाली का?" की अण्णा आधी गाव विचारणार, मग आडनाव, मग चुलत्याचा गुडघा, मग थोरलीचं जमलं का. तोवर बाकी सगळ्यांना फोन एंगेज. हरभरा पाण्यावर आलेला माणूस किती वेळ थांबेल? तो सरळ पुढच्या चौकातल्या दुकानात जायचा.

शेवटी मी जालन्याहून एका फोनवाल्याला बोलावलं. त्याने तीन पर्याय सांगितले. एक, दुसरा मोबाइल घ्या. तो अण्णांनी दुसऱ्या खिशात घातला असता आणि दोन्ही एंगेज झाले असते. दोन, लँडलाइन आणि तिला एक्स्टेंशन. पण आमच्या रस्त्यावर सारखी कुणी ना कुणी नाली खोदतं आणि केबल तोडतं. तिसरा पर्याय इंटरनेटवरच्या नंबरचा. फोन लागला की आधी एक रेकॉर्ड केलेली बाई बोलणार, मग जे बटण दाबाल त्या टेबलावर घंटी वाजणार. एक दाबला की मी, दोन दाबला की मिस्त्री. मला हाच पसंत पडला. यात अण्णांचं टेबल कुठेच नव्हतं. हे मी बोललो नव्हतो, तरी त्यांनी ते बरोबर हेरलं.

"आन घरच्या मान्सानं काय दाबायचं?" ते म्हणाले. "तुह्या आत्याशी काय मशीन बोलनार?"

फोनवाला चलाख. "काका, तीन मोकळाच आहे," म्हणाला आणि मी नको म्हणायच्या आत त्याने लिहूनही घेतलं. मोटारीसाठी एक दाबा, स्टार्टर-पाइपसाठी दोन दाबा, घरच्या माणसांसाठी तीन दाबा.

झालं! माझा आणि मिस्त्रीचा फोन मुका पडला आणि अण्णांचा ठणठणत राहिला. दुकानात आलेल्या एका गिऱ्हाइकाला मी वैतागून म्हणालो, "मामा, मोटारीसाठी एक दाबायचा ना!" मामांचा चेहरा पडला. "अण्णाच्या लग्नात पंगत वाढलेला मानूस मी. मी एक दाबू?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. एक दाबणं म्हणजे आपण परके आहोत हे आपल्याच बोटाने कबूल करणं, आणि सगळ्या तालुक्यात तेवढं करायला कुणी तयार नव्हतं. कर्ज हवंय का विचारणारी मुलगीसुद्धा तीनच दाबायची. अण्णांनी तिला गाव विचारलं, तेव्हापासून तिने कर्जाचं नाव काढलं नाही. वर फोनवाल्याने, अण्णा फोन उचलेपर्यंत थांबलेल्या लोकांसाठी सनई लावून ठेवलेली. "लगीन कोनाचं हाय? आम्हाला पत्रिका न्हाई," अशी तक्रार घेऊन दोघं जण दुकानावर आले.

मग एका सकाळी माझ्या टेबलावरचा फोन वाजला. मी आनंदाने उचलला. एक जुनं गिऱ्हाईक होतं, बेअरिंगचा भाव विचारून त्याने फोन ठेवला. अण्णा पलीकडून बघत होते.

"त्यानं एक दाबला?"

"हो."

"आपलं काय चुकलं?"

समजावून उपयोग झाला नाही. भर सीझनमध्ये दुकान मिस्त्रीवर टाकून मी अण्णांना मोटारसायकलवर त्या माणसाच्या शेतात घेऊन गेलो. त्याच्या मोबाइलचं तीनचं बटण बिघडलेलं निघालं. बिचाऱ्याने शपथेवर सांगितलं, "अण्णा, मी तीनच दाबून राह्यलो होतो, ते दबतच न्हाई, मंग एक दाबला." मग आम्ही तिथेच जेवलो. गिऱ्हाइकं मात्र त्या दिवशीही चौकातल्या दुकानात गेली, आणि मी परत येताना सगळा रस्ता धुमसत होतो. तीन नंबर बंद करायचा, असं मी ठरवूनच टाकलं.

दोन-चार दिवसांनी मी तार आणायला जालन्याला गेलो होतो. एका मोटारीला किती गेजची, म्हणजे किती जाडीची तार लागेल ते विचारायचं राहिलं, म्हणून दुकानात फोन लावला. बाई बोलली. काम मोटारीचं होतं, मी एक दाबला. घंटी माझ्याच रिकाम्या टेबलावर वाजत राहिली. बऱ्याच वेळाने कुणीतरी उचलला.

"हॅलो," अण्णा म्हणाले.

"अण्णा, मी बोलतोय."

मागे मिस्त्रीचा हातोडा ऐकू येत होता.

"तू बी एकच दाबला?"

गेजचं विचारायचं सोडून मी फोन कापला, परत लावला, बाईचं सगळं म्हणणं ऐकून घेतलं आणि तीन दाबला. अण्णा अजून आपल्या टेबलाशी पोहोचले नसावेत. सनई वाजत होती. मग फोन उचलला गेला.

"हॅलो, कोन गावचे?"

"घरचाच आहे, अण्णा."

"मंग बोल," ते म्हणाले. "जेवला का न्हाई आजून?"