धोंड्यावर राहिलेला नालेचा तुकडा

अण्णांच्या होकायंत्राच्या झाकणाला आतून आरसा होता. त्यात माझा चेहरा दिसायचा आणि त्याखाली ती बारीक सुई थरथरत असायची. मी श्वास जोरात सोडला तर ती घाबरेल असं मला वाटे... थंडगार पितळ, चामड्याच्या पाकिटाचा कुबट वास, पावसाळ्यात त्यावर धरणारी पांढरी बुरशी आणि ती पुसायला आईने वेगळं ठेवलेलं खोबरेल तेल — बालपण म्हटलं की आजही आधी तो वासच येतो.

अण्णा, म्हणजे माझे वडील, भूगर्भशास्त्रज्ञ होते. बेळगावहून जांबोटीची बस धरायची, रानात दिवसभर चालायचं आणि खडकाचा थर कुठल्या दिशेला धावतोय, किती कललाय, हे त्या यंत्राने मोजायचं, हे त्यांचं काम. आई खानापूरकडच्या शेतकरी घरातली. तिचा थोरला भाऊ त्याच रानात चुकलेली गुरं शोधायला गेला, तो परतलाच नव्हता. अण्णा निघाले की ती दारात टोमणा मारायची, "दगडं मोजणाऱ्याच्या घरात पडलो, आता नशिबात बी दगडंच." पण संध्याकाळी ते दिसल्याशिवाय ती तवा चुलीवर ठेवत नसे. ते आले की पाकीट त्यांच्या खांद्यावरून उतरवून घ्यायची आणि उगाच चाचपून बघायची.

ते उगाच नव्हतं, हे एका हिवाळ्यात कळलं. सुई भलतीच दिशा दाखवू लागली. डोंगराच्या पोटात लोखंड असणार, या आनंदात अण्णांनी ती सगळी चढण पालथी घातली, आणि मग ते लोखंड सापडलं ते पाकिटाच्या अस्तरात... काळ्या दोऱ्याने शिवलेला, घोड्याच्या नालेचा तुकडा.

"लोखंड जवळ असलं की रानातलं काय बी अंगाला लागत न्हाय," आई खालमानेनं म्हणाली. "असू द्या की वो."

अण्णांनी तिला सुईचं शास्त्र सांगितलं नाही. पुढे एका रविवारी मी त्यांच्याबरोबर गेले, तेव्हा पाहिलं — त्यांनी उसवलेल्या अस्तरातून तुकडा काढला, लांबच्या एका धोंड्यावर ठेवला, परत येऊन माप घेतलं आणि निघताना तो पुन्हा आत घातला. मी बघतच राहिले, तेव्हा हसून म्हणाले, "लांब ठेवला की सुईला तरास न्हाय, आत ठेवला की तुझ्या आईला न्हाय."

काही वर्षांनी आई छातीच्या दुखण्याने अंथरुणाला खिळली. सुगी चालू होती, शिवारात कापल्या भाताचा कोरडा, गोडसर वास भरलेला. एके दिवशी रानात धुकं लवकर उतरलं, शेवटची बस चुकेल म्हणून अण्णा घाईने निघाले, आणि तुकडा धोंड्यावरच राहिला. घरी आल्यावर आईने पडल्या पडल्या पाकीट मागून घेतलं, अस्तरावरून हात फिरवला, आणि तो हात तिथेच थांबला.

दुसऱ्या दिवशी अण्णा तो शोधायला परत गेले. मग पुन्हा गेले. आयुष्यभर दगड ओळखणाऱ्या माणसाला तो एक धोंडा सापडेना. आईच म्हणाली, "जाऊ द्या. तुम्ही आलासा न्हवं?"

संक्रांतीच्या आधी ती गेली. डॉक्टरांनी कारण सांगितलं होतं, आणि लोखंडाचा नि मरणाचा काही संबंध नसतो हे अण्णांइतकं कुणाला ठाऊक असणार? तरी त्यांनी ते यंत्र पुन्हा हातात धरलं नाही. राहिलेली नोकरी त्यांनी कार्यालयात नकाशांपुढे बसून काढली. मला त्या धोंड्याचा अजून राग येतो.

आता अण्णा खूप थकलेत. दर पावसाळ्यात पाकिटाला खोबरेल मीच लावते. परवा झाकण उघडून त्यांच्यासमोर धरलं. सुई जराशी हलली आणि उत्तरेला निमूट थांबली.

"बरोबर दावती का गं?"

"व्हय, अण्णा."

त्यांनी पाकीट मांडीवर ओढून घेतलं, आत बोटं घालून रिकामं अस्तर शेवटपर्यंत चाचपलं, आणि माझ्याकडे परत दिलं.