पाद्रीसाहेबांची जागा

धाडच्या आठवडी बाजारात दोरखंड विकणारा एक म्हातारा होता. त्याच्या शेजारी उभे राहून गोरे पाद्रीसाहेब बायबलातली उधळ्या मुलाची गोष्ट सांगत: बापाचा पैसा उडवून परत आलेल्या धाकट्याला बाप मेजवानी देऊन घरात घेतो. कुणी त्यांचं पुस्तक घेई, कुणी हसून पुढे जाई. गोष्ट संपली की म्हातारा दोर वळता वळता दर वेळी एकच विचारायचा, "मंग वावरात राबनाऱ्या मोठ्या पोराचं काय?" साहेब समजावत. "नाही पटत, साहेब," असं म्हणून म्हातारा आपल्या लोट्यातलं पाणी त्यांच्यापुढे करी.

एका बाजाराला साहेब तापामुळे आले नाहीत. कांदेवाल्याने त्या जागेवर पोतं टाकलं, ते म्हाताऱ्याने उचलायला लावलं.

माझं दुकान समोरच असायचं. मी म्हणालो, "तुमाले तर त्यायचं पटत नाही न?"

"नाहीच पटत. पन साहेब नसले त मी 'नाही' कोनाले म्हनू?"